माल आपला झाला तेव्हा

महाराष्ट्रातल्या बंद पडलेल्या रेल्वेफाट्यांची यादी करायला घेतली तर डहाणू आणि तलासरी ही नावे तीत येणार नाहीत. त्या यादीत विदर्भातली ‘शकुंतला’ येते, मूर्तिजापूरहून एका अंगाला यवतमाळ आणि दुसऱ्या अंगाला अचलपूर गाठणारी, पुलगाव–आर्वी येते, करोनाच्या वर्षी थांबलेली पाचोरा–जामनेर येते. तिथे गवतात बुडालेले रूळ दिसतात, छप्पर उडालेली स्टेशने दिसतात, आणि पाहणाऱ्याला काय गेले हे सांगावे लागत नाही. वाणगाव ते उंबरगाव या पट्ट्यात तसे काहीच नाही. इथले रूळ चकचकीत आहेत, देशातल्या अत्यंत गर्दीच्या मार्गांपैकी एक इथून जातो, आणि फलाटावर पाच मिनिटे उभे राहिले तर एखादी तरी लांब पल्ल्याची गाडी न थांबता धुरळा उडवत निघून जाते. तरीही ही स्टेशने एकामागून एक पाहत उत्तरेकडे जाताना माझे मत असे होत गेले आहे की सोडून दिलेल्या फाट्यांच्या अभ्यासात यांचाही समावेश करायला हवा. फाटा म्हणजे नुसते वेगळे रूळ नव्हेत. आजूबाजूच्या मुलखाचा थोडाथोडा माल गोळा करून तो मोठ्या वाटेला लावायचा, हे फाट्याचे काम. डहाणू-तलासरीत वेगळा फाटा नसल्यामुळे ते काम मुख्य लाइनीवरची छोटी स्टेशनेच करत. रूळ राहिले आणि काम गेले. ते कोणत्या वेळी गेले, हा मला या सगळ्यातला खरा मुद्दा वाटतो.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी बीबीसीआयची, सुरतेकडून येणारी लाइन 1864 मध्ये मुंबईला भिडली. डहाणूच्या आसपास ती समुद्रापासून फार लांब नाही आणि डोंगरापासूनही नाही. वाणगाव सोडले की पश्चिमेला खाजण, मिठागरे, ताडाची आणि शिंदीची झाडे. पूर्वेला जमीन हळूहळू वर चढत जाते आणि तिच्या टोकाला निळसर डोंगर उभे. घोलवडजवळ चिकूच्या बागा इतक्या रुळाला येऊन टेकतात की डब्यातली हवा बदलते. रुळाच्या पश्चिमेला मांगेला, वाडवळ, भंडारी, पारशी, इराणी, गुजराती व्यापारी. पूर्वेला वारली, कोकणा, धोडी, कातकरी. ही विभागणी रेल्वेने केली नाही, ती आधीचीच. पण रेल्वे नेमकी त्या शिवणीवरून गेली आणि प्रत्येक स्टेशन म्हणजे त्या शिवणीतले एक भोक झाले. पूर्वेकडचे जे जे विकण्याजोगे ते या भोकांतून बाहेर पडू लागले: साग, जळाऊ लाकूड, कोळसा, आणि सगळ्यांत वजनदार म्हणजे गवत. मुंबईत घोड्यांच्या ट्राम आणि व्हिक्टोरिया होत्या, तबेले होते, लष्कराची जनावरे होती, आणि या सगळ्यांना लागणारे गवत डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या माळांवर पावसाळ्यानंतर कमरेएवढे उभे असे.

या कामाची रीत आज कुणाला चटकन डोळ्यांसमोर येणार नाही, म्हणून सांगतो. छोट्या स्टेशनातही मुख्य रुळापासून फुटलेली एखादी सायडिंग असे. मालगाडी येई, इंजिन एक-दोन रिकाम्या वाघिणी त्या सायडिंगवर ढकलून देई आणि उरलेली गाडी घेऊन पुढे जाई. व्यापाऱ्याने ठरलेल्या मुदतीत वाघीण भरायची. मुदत टळली तर दंड, ज्याला बाजारात डॅमरेज म्हणत. स्टेशनमास्तर पावती फाडणार, ती बिल्टी टपालाने माल घेणाऱ्याकडे जाणार, आणि परतीच्या मालगाडीने भरलेली वाघीण उचलली जाणार. एक पूर्ण वाघीण भरण्याइतकाही माल नसेल तर फुटकळ माल वेगळा घेतला जाई आणि मोठ्या यार्डात इतरांच्या मालाबरोबर लावला जाई. फळे, मासळी, भाजी यांसाठी पॅसेंजर गाडीला पार्सलचा डबा असे. ही पद्धत संथ होती, चोऱ्या होत, वाघीण कधी मिळेल याचा भरवसा नसे. मात्र एका अर्थाने ती उदार होती. रेल्वे पाच मण मालालाही नाही म्हणत नसे.

आता तो माल कुणाचा होता हे पाहायला हवे, कारण इथेच जुन्या रेल्वेबद्दलचा हळवेपणा संपतो. गवत कापणारा वारली होता, गवत त्याचे नव्हते. झाड तोडणारा तो होता, जंगल सरकारचे आणि तोडीचा ठेका ठेकेदाराचा. जमीन कसणारा तो, सातबारा सावकाराचा. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने 1938 च्या सरकारी अहवालात ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींची वेठ आणि कर्जापोटीची गुलामी नोंदवली, तीही याच मुलखातली. 1945 मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली जो लढा उभा राहिला त्याची एक ठोस मागणी गवतकापणीच्या दराची होती: पाचशे रत्तलांना अडीच रुपये. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि पाच जण मेले, त्यांत जेठ्या गांगड होता. पुढच्या वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठी संप झाला. मागणी दिवसाला सव्वा रुपया. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हा सारा काळ आहे, आणि ते पुस्तक वाचणाऱ्याला एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. गवताच्या संपाला धार होती ती गवत वखारीतून वाघिणीत आणि वाघिणीतून मुंबईला जायचे होते म्हणून. माळावर वाळून जाणाऱ्या गवतासाठी कुणी मजुरीवर घासाघीस करत नाही. म्हणजे रेल्वेने शोषणाची नळी घातली खरी, पण त्याच नळीमुळे श्रमाला मुंबईच्या बाजाराच्या हिशेबात किंमत मागण्याची जागाही मिळाली. तेव्हा ‘जुन्या काळी स्टेशनांना कशी कळा होती’ असे म्हणणाऱ्यांत मला सामील व्हायचे नाही. ती कळा दुसऱ्यांच्या मालाची होती.

पुढे हळूहळू माल बदलला आणि मालकही. 1948 चा कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने कसेल त्याची जमीन हे निदान कागदावर ठरले. कागद आणि बांध यांत अंतर राहिले, अनेक कुळांना पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, तरी तलासरी-डहाणूत लाल बावट्याची पकड असल्यामुळे इतर ठिकाणांपेक्षा इथे जमीन हातात पडण्याचे प्रमाण बरे होते असे म्हणायला जागा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या प्लॉटांचे दावे आले. पूर्वेकडच्या शेतात भाताखेरीज काही पिकू लागले: मिरची, भाजीपाला, काकडी, मोगरा, वाणगावच्या मिरचीला तर नाव झाले. पश्चिमेला चिकू, ज्याला 2016 मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. हा सगळा माल जातीने फुटकळ. एका कुटुंबाच्या हातात एका वेळी दोन पाट्या, चार गोणी, फार तर टेम्पोचा एक कोपरा. जुन्या रेल्वेला नेमका हाच माल घेता येत होता.

आणि बरोबर याच संधिकाळात रेल्वेने तो घेणे सोडले. 1980 नंतर, एम. एस. गुजराल रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष असताना, भारतीय रेल्वेने मालवाहतुकीचे तंत्रच फिरवले. एकेक वाघीण गोळा करायची, यार्डात लावायची, पुन्हा फोडायची, यात वाघिणी दिवसचे दिवस अडकून पडत. त्याऐवजी पूर्ण रेक एका ठिकाणी भरायचा आणि न मोडता दुसऱ्या ठिकाणी रिकामा करायचा: कोळसा, लोखंडाची माती, सिमेंट, खत, धान्य, तेल. रेल्वेच्या दृष्टीने निर्णय इतका यशस्वी ठरला की पुढे कुणी त्यावर बोट ठेवले नाही, आणि देशाच्या वीजकेंद्रांना कोळसा पोचवायचा होता हे लक्षात घेतले तर तो चूक होता असे मीही म्हणणार नाही. पण पूर्ण रेक भरण्याची ऐपत वारली शेतकऱ्याची नसते, घोलवडच्या बागायतदाराचीसुद्धा नसते. माल परक्याचा होता तोवर तो उचलायला वाघीण सायडिंगवर येऊन उभी राही. माल इथल्या माणसाचा होऊ लागला तेव्हा रेल्वेने सांगितले की एवढा थोडा आम्ही नेत नाही. यात कुणाचा डाव होता असे मला सुचवायचे नाही. दोन वेगळ्या कचेऱ्यांत दोन वेगळ्या कारणांनी घेतलेले निर्णय होते. तलासरीच्या शेतकऱ्याच्या अंगणात मात्र ते एकत्र येऊन पडले.

इथून शंभरेक किलोमीटरवर बिलिमोरा आहे आणि तिथे या मुलखाला मिळू शकला असता पण न मिळालेला फाटा पाहायला मिळतो. बडोद्याच्या गायकवाडांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बिलिमोऱ्याहून डांगच्या जंगलाकडे नॅरोगेज टाकली. गणदेवी, चिखली रोड, अनावल, उनाई करत ती वघईला जाते, 63 किलोमीटर. तिचेही मूळ काम जंगलातला साग खाली आणण्याचे. डिसेंबर 2020 मध्ये रेल्वे मंत्रालयाने पश्चिम रेल्वेला जे अकरा तोट्यातले फाटे कायमचे बंद करायला सांगितले त्यांत ही लाइन होती. ओरड झाली, वारसा म्हणून ती वाचली आणि 4 सप्टेंबर 2021 ला गाडी पुन्हा निघाली, या वेळी पर्यटकांसाठी वातानुकूलित डबा जोडून. वाचली याचा आनंद आहे, पण कशासाठी वाचली ते पाहा. डांगच्या आदिवासीचा माल बिलिमोऱ्याच्या बाजारात पोचतो म्हणून नव्हे, खिडकीतून डोंगर छान दिसतात म्हणून. डहाणूत असा फाटा असता तर त्याचेही हेच झाले असते, असे कुणी म्हणेल. आणि ते मला मान्य आहे. म्हणूनच मी रुळांसाठी हळहळत नाही. रूळ असूनही काम जाते, याचा बिलिमोरा हाही पुरावाच आहे.

यावर पहिला आक्षेप साधा आणि वजनदार आहे: ट्रक आले, संपले. राष्ट्रीय महामार्ग चारोटीवरून तलासरीतून जातो. संध्याकाळी तोडलेला माल रात्री भरला की पहाटे वाशीला; बागेच्या दारातून उचलायचा आणि गाळ्याच्या दारात टाकायचा, मध्ये दोनदा हमाली नाही. चिकू एकदा पिकायला लागला की थांबत नाही, सायडिंगवर वाघिणीची वाट पाहत बसला तर त्याचा काढाच व्हायचा. हे सगळे खरे. मोठ्या बागायतदाराने ट्रकच निवडला आणि पुन्हा निवड करायला सांगितली तरी तो ट्रकच निवडेल. परंतु ट्रक हा ज्याचा माल ट्रकभर त्याचा मित्र. ज्याच्या दोनच पाट्या, त्याला कुणाच्या तरी ट्रकात जागा मागावी लागते, आणि बहुतेक वेळा जागा देणारा म्हणतो की पाट्या मलाच वीक. भाव तिथेच ठरतो. जुन्या स्टेशनात माल पाठवून देणारा हुंडेकरी कमिशन खात असेल, पण भाड्याचा दर पाटीवर लिहिलेला असे आणि तो सावकाराला आणि वारल्याला एकच होता. वाहतुकीचा जाहीर दर ही सोय गेली, हे नुकसान ट्रकच्या वेगात भरून येत नाही.

दुसरा आक्षेप प्रवाशांकडून येतो. स्टेशने मेली कुठे, ती तर फुलली आहेत! 16 एप्रिल 2013 पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. तोवर ती विरारला थांबे, आणि त्यामागे एक तांत्रिक कारणही होते: विरारपर्यंत जुनी 1500 व्होल्टची डीसी वीज, विरारच्या पुढे 25 हजार व्होल्टची एसी. उपनगरी मार्गावरचे एसीकरण 2012 मध्ये पुरे झाले आणि वर्षभरात लोकल 64 किलोमीटर उत्तरेला सरकली. चर्चगेटपासून 124 किलोमीटरवर लोकलचा डबा पाहणे आजही मला थोडे नवलाचे वाटते. तिने हजारोंचे आयुष्य बदलले यात वाद नाही. पण गाडीत काय चढते ते पाहा. सकाळी माणसे चढतात: बोईसरच्या कारखान्यांकडे, वसई-विरारच्या बांधकामांकडे, उलट दिशेने उंबरगाव आणि वापीच्या वसाहतींकडे. पूर्वी इथून गवत आणि लाकूड जाई, आता थेट मजुरीच जाते. नाक्यावर उभे राहून रोजचा भाव ठरतो तीच. फुटकळ मालासाठी उरला आहे तो लगेजचा डबा. बोंबील, सुकी मासळी, भाजीच्या जुड्या, मोगऱ्याच्या पिशव्या, चिकूच्या पाट्या घेऊन बायका त्यात शिरतात, एकमेकींच्या टोपल्यांवर पाय ठेवून उभ्या राहतात, आणि ऐन गर्दीत लगेज नसलेले पुरुषही तिथेच घुसतात. बीबीसीआयच्या काळातल्या पार्सलडब्याची, सायडिंगची आणि हुंडेकऱ्याची सारी परंपरा आता या एवढ्याशा डब्यात कोंबलेली आहे.

तलासरीची गोष्ट आणखी वेगळी. तलासरी गावाला स्टेशन नाही. 1 मे 1960 ला राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांतून तलासरी उभी राहिली. गावे इकडे राहिली, पण त्यांची नेहमीची स्टेशने, उंबरगाव रोड आणि संजाण, तिकडे गेली. डांग गुजरातेत गेल्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले गेले. ही स्टेशनांची वाटणी कुणाच्या भाषणात आली नाही. झाई-बोरीगावच्या बाजूचे बोर्डी रोड हे तालुक्याच्या पश्चिम कडेवरचे छोटे स्टेशन, तेही पूर्वेकडच्या उधव्याच्या माणसाला आडवळणी. 2011 च्या जनगणनेत तलासरी तालुक्यात दीड लाखाहून अधिक माणसे होती आणि त्यांतली दहांत नऊ आदिवासी. एवढ्या वस्तीचा रेल्वेशी संबंध उरला तो दुसऱ्या राज्यातल्या फलाटावर उभे राहण्यापुरता.

तिसरा आक्षेप भविष्याच्या भाषेत येतो: मालवाहतूक परत येते आहे, थोडा धीर धरा. येते आहे हे खरेच. 12 मार्च 2024 ला पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाचा न्यू मकरपुरा ते न्यू घोलवड हा 244 किलोमीटरचा टप्पा राष्ट्राला अर्पण झाला. म्हणजे घोलवडला जुने स्टेशन आहे तसे आता मालासाठी वेगळे नवे घोलवड आहे. 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, 76 हजार कोटींहून मोठा प्रकल्प, आणि मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. बंदराला जोडणारे रूळ या मालमार्गालाच मिळतील. बुलेट ट्रेनचे खांब तलासरी आणि डहाणूच्या शेतांतून जातात, बोईसरनंतर ती थेट वापीला थांबेल. डहाणूच्या 500 मेगावॉटच्या औष्णिक केंद्रासाठी कोळशाचे रेक येतात ते तर 1990 च्या दशकापासून, आणि वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. हे सगळे डोळ्यांपुढे ठेवले की मला तीच जुनी आकृती दिसते. दुमजली कंटेनरांची गाडी नव्या घोलवडावरून जाईल, तीत घोलवडचा चिकू असण्याची शक्यता फार कमी. रूळ वाढले, वजन वाढले, पण दोन पाट्यांची सोय कुणाच्याच आराखड्यात नाही. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित आहे. त्यामुळे इथे मोठे उद्योग नकोत असे ज्यांना वाटते त्यांनी तरी इथल्या छोट्या मालाच्या वाहतुकीचा प्रश्न लावून धरायला हवा होता, कारण शेती आणि मासेमारीवर जगा म्हणायचे आणि तो माल बाहेर कसा जाईल हे सांगायचे नाही, हे अर्धेच धोरण झाले.

शेवटचा आक्षेप रेल्वेचाच, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो: लाइनीवर जागा कुठे आहे? दोन रुळांवर राजधानी, मेल, मेमू, लोकल आणि मालगाड्या धावतात. वाणगावला एक वाघीण सोडायला मालगाडी थांबवली तर मागे सुरतेपर्यंत गाड्या तुंबतील. म्हणून वाघीण परत आणा असे मी म्हणत नाही, ती पद्धत गेली ते बरेच झाले. पण मालगाड्या नव्या मार्गावर सरकतील तसतशी जुन्या रुळांवर थोडी जागा होईल, आणि विरार–डहाणू तिसऱ्या-चौथ्या मार्गाचे काम मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात आहेच. त्या जागेत आणखी लोकल बसवतानाच पहाटेच्या एक-दोन गाड्यांना लगेजचे पूर्ण डबे लावणे, ते फलाटाच्या ज्या टोकाला येतील तिथे छप्पर आणि वजनकाटा ठेवणे, भाड्याचा फलक लावणे, एवढ्यासाठी नवा फूटभर रूळ टाकावा लागत नाही. तलासरीहून पहाटे निघणारी एसटी त्या गाडीच्या वेळेशी जुळवणे हे तर दोन खात्यांतल्या एका पत्रव्यवहाराचे काम. अडचण आहे ती हद्दीची: नवे दोन मार्ग डहाणूलाच संपतात, आणि घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव ही तलासरीच्या कामाची तिन्ही स्टेशने त्याच्या पुढे आहेत.